वीजजाळ्याचे स्थैर्य : संगणकाचे गणित आणि माणसाची नोंद

(शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय अधिकारी यांच्यासाठी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



३० जुलै २०१२ रोजी पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी उत्तर भारताचे संपूर्ण वीजजाळे कोसळले. सुमारे ३६,००० मेगावॅटचा पुरवठा काही सेकंदांत थांबला. अभियंत्यांनी दिवसभर खपून पुरवठा पूर्ववत केला. परंतु दुसऱ्याच दिवशी, ३१ जुलैला दुपारी १ वाजता, उत्तरेबरोबर पूर्व व ईशान्य भारताचे जाळेही बंद पडले. या वेळी सुमारे ४८,००० मेगावॅटचा पुरवठा खंडित झाला. ज्या प्रदेशावर हा आघात झाला, तेथे साठ कोटींहून अधिक लोक राहत होते. शेकडो रेल्वेगाड्या वाटेत उभ्या राहिल्या, दिल्लीची मेट्रो थांबली आणि झारखंड व पश्चिम बंगालमधील कोळसा खाणींत कामगार काही तास अडकून पडले.

त्या दोन दिवसांत वादळ झाले नव्हते, भूकंप झाला नव्हता, कोणी मनोरे पाडले नव्हते. मध्य प्रदेशातील बीना आणि ग्वाल्हेर यांना जोडणारी ४०० किलोव्होल्टची एक वाहिनी क्षमतेहून जड भार वाहत होती. तिच्यावर देखरेख करणाऱ्या रिलेला हा जड भार म्हणजे दूरवर झालेला बिघाडच वाटला आणि त्याने वाहिनी तोडली. वाहिनीवर प्रत्यक्षात बिघाड नव्हता. पण तिचा भार शेजारच्या वाहिन्यांवर गेला, त्याही एकेक करून तुटल्या, आणि पाहता पाहता जाळ्याचे तुकडे झाले. महाराष्ट्राचा समावेश असलेले पश्चिमेचे जाळे मात्र त्यातून बचावले.

असे अरिष्ट येण्यापूर्वीच ते संगणकाच्या पडद्यावर पाहता येते का? येत असेल तर कसे? आणि ते दिसूनही कधी कधी टळत नाही, याचे कारण काय? आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे. विषय अभियंत्यांचा वाटतो खरा. परंतु त्याचा एक धागा गावच्या रोहित्रापर्यंत आणि विहिरीवरच्या पंपापर्यंत पोहोचतो.

जाळे म्हणजे एकच यंत्र

घरात दिव्याचे बटण दाबले की त्या क्षणी लागणारी वीज त्याच क्षणी कोठे तरी निर्माण व्हावी लागते. धान्याप्रमाणे ती कोठारात भरून ठेवण्याची सोय बॅटरी व उदंचन प्रकल्पांच्या रूपाने आता वाढत आहे. तरीही एकूण वापराच्या मानाने ती अजून थोडीच आहे. म्हणून उत्पादन आणि वापर यांचा तोल क्षणोक्षणी सांभाळावा लागतो.

पूर्वी प्रत्येक विभागाचे जाळे स्वतंत्र होते. २००३ मध्ये पश्चिमेचे जाळे पूर्व व ईशान्येच्या जाळ्यांशी जोडले गेले. २००६ मध्ये उत्तरेचे जाळे त्यात मिळाले. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे जाळेही या साखळीत आले. महाराष्ट्राच्या भूमीवरील एका जोडणीने अशा रीतीने संपूर्ण देशाचे एक वीजजाळे पूर्ण झाले.

या जोडणीचा अर्थ असा की, चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रातील जनित्र, कोयनेच्या भूगर्भातील जनित्र आणि हिमालयाच्या पायथ्याशी असलेले जनित्र हे सर्व आता एका तालात फिरतात. आपल्या देशात विजेची वारंवारिता ५० हर्ट्झ आहे. औष्णिक केंद्रातील दोन ध्रुवांचे जनित्र मिनिटाला ३,००० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ५०. जलविद्युत् केंद्रातील जनित्र सावकाश फिरते, पण त्याला ध्रुवांच्या जोड्या अधिक असतात. जोड्यांची संख्या आणि सेकंदाचे फेरे यांचा गुणाकार सर्वत्र ५० च येतो. गणिताच्या शिक्षकांनी वर्गात सांगावे असे हे उदाहरण आहे.

जोडणीचा लाभ मोठा आहे. एका राज्यात तूट असता दुसऱ्या राज्याची वीज उपयोगी पडते. परंतु जोखीमही वाटली जाते. एका कोपऱ्यातील धक्का दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत जाऊ शकतो.

स्थैर्य म्हणजे काय ?

खळ्यावर मळणी चालू असताना तिवड्याभोवती बैलांची पात फिरते. सारे बैल एका दावणीने एकमेकांशी जोडलेले असतात. कल्पना करावी की ही दावण ताणली जाणारी, रबरासारखी आहे. एक बैल ठेचकाळला तर दावण ताणली जाते, इतर बैल त्याला ओढून घेतात, थोडी मागेपुढे हालचाल होते आणि पात पुन्हा एका चालीने फिरू लागते. हे स्थैर्य होय. पण ठेच फार मोठी असेल किंवा दावण आधीच तटतटून ताणलेली असेल, तर ती तुटते आणि पात विस्कटते.

जनित्रे ही या पातीतील बैल आणि पारेषण वाहिन्या ही त्यांची दावण. एखाद्या वाहिनीवर वीज कोसळली की जवळच्या जनित्राची वीज बाहेर पडण्याची वाट क्षणभर रोखली जाते. वाफेचा किंवा पाण्याचा जोर मात्र तसाच असतो. त्यामुळे जनित्र वेग घेते आणि इतरांच्या पुढे जाऊ लागते. बिघडलेला भाग खंडकाने वेळीच तोडला तर ते पुन्हा तालावर येते. उशीर झाला तर तालच सुटतो. हा 'वेळीच' किती, तर ४०० व ७६५ किलोव्होल्टच्या वाहिन्यांवरील बिघाड १०० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागात दूर व्हावा, असा आपल्याकडील दंडक आहे. डोळ्याची पापणी लवेपर्यंत हे काम झालेले असावे लागते.

स्थैर्याचे आणखी दोन प्रकार आहेत. एक वारंवारितेचे : उत्पादन घटले किंवा भार वाढला की सर्वच जनित्रांचा वेग एकदम मंदावतो. दुसरे दाबाचे : जड भाराने वाहिनीच्या टोकाला विजेचा दाब घसरतो. पंपाची मोटार कमी दाबावर अडखळते आणि उलट अधिकच प्रवाह ओढते, त्यामुळे दाब आणखी घसरतो. उन्हाळ्यात गावाच्या शेवटच्या टोकावरील शेतकऱ्याला याचा अनुभव असतो. मोठ्या जाळ्यातही तत्त्व तेच.

संगणक कशासाठी ?

जाळ्याची परीक्षा प्रत्यक्ष जाळ्यावर घेता येत नाही. पूल किती भाराने पडतो हे पाहण्यासाठी कोणी पूल पाडत नाही. म्हणून त्याची प्रतिकृती लागते. १९२९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशिक्षण संस्थेत यासाठी एक 'नेटवर्क अ‍ॅनालायझर' उभारण्यात आला. खोलीभर मावणारे ते एक लघुजाळेच होते. त्यात वाहिन्यांऐवजी तारांची वेटोळी व संधारित्रे असत आणि केंद्रांऐवजी लहान वीजस्रोत. अभियंते जोडण्या बदलून मोजमाप घेत आणि उरलेली आकडेमोड हाताने करीत. त्याच वर्षी रॉबर्ट पार्क यांनी जनित्राच्या वर्तनाची जी समीकरणे मांडली, ती आजही या अभ्यासाचा पाया आहेत. १९५० च्या दशकात अंकीय संगणक या कामास लागले आणि प्रतिकृती लोखंड व तांबे यांची न राहता अंकांची झाली.

संगणकातील हे प्रतिरूप तयार होते ते असे. प्रथम प्रत्येक वाहिनीचा रोध, प्रत्येक रोहित्राची क्षमता, प्रत्येक जनित्राचे वजन व गती, त्याच्या गव्हर्नरची चाल आणि प्रत्येक उपकेंद्रावरील भार यांचे आकडे भरले जातात. त्यावरून सर्वसाधारण स्थितीत कोणत्या वाहिनीतून किती वीज वाहते याचा हिशेब निघतो. मग संगणकाला प्रश्न विचारला जातो : अमुक वाहिनीवर या क्षणी बिघाड झाला तर काय होईल? संगणक काळाचे अगदी बारीक तुकडे पाडतो आणि एकेका तुकड्यापुरता प्रत्येक जनित्राचा वेग किती बदलेल ते काढतो. तो बदल मिळवून पुढच्या तुकड्याला हात घालतो. असे हजारो टप्पे ओलांडले की बिघाडानंतरच्या दहावीस सेकंदांचे चित्र पडद्यावर उभे राहते.

फळ्यावर मांडता येणारे उदाहरण

ही रीत समजण्यासाठी संगणकाचीही गरज नाही. समजा, एका जाळ्यातील सर्व जनित्रांच्या फिरत्या भागांत साठलेली ऊर्जा त्यांच्या पूर्ण क्षमतेच्या ५ सेकंदांच्या उत्पादनाइतकी आहे. अचानक एक केंद्र बंद पडले आणि १० टक्के तूट आली. ही तूट क्षणभर फिरत्या चाकांतील ऊर्जेतून भागते. एका सेकंदात ०.१ सेकंदाच्या उत्पादनाइतकी ऊर्जा खर्ची पडेल; म्हणजे साठ्याच्या २ टक्के. फिरत्या वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ऊर्जा २ टक्क्यांनी घटली की वेग सुमारे १ टक्क्याने घटतो. ५० हर्ट्झचा १ टक्का म्हणजे अर्धा हर्ट्झ.

आता काळाचे ०.१ सेकंदाचे तुकडे पाडावेत. दर तुकड्याला वारंवारिता ०.०५ ने घसरेल : ५०.००, ४९.९५, ४९.९० असे करीत बाराव्या टप्प्यावर, म्हणजे १.२ सेकंदांनी, ती ४९.४० वर येईल. आपल्याकडे ४९.४, ४९.२, ४९.० आणि ४८.८ हर्ट्झ या पायऱ्यांवर ठरावीक वाहिन्यांचा भार आपोआप तोडणारे रिले बसविलेले असतात. पहिल्या पायरीवर ५ टक्के भार सुटला असे धरले, तर तूट निम्मी होईल आणि घसरणही निम्मी, म्हणजे दर तुकड्याला ०.०२५. पुढील ०.८ सेकंदांत वारंवारिता ४९.२० वर येईल. तेथे आणखी ५ टक्के भार सुटला की उत्पादन व वापर यांचा तोल जमेल आणि घसरण थांबेल. एकूण वेळ दोन सेकंद.

येथे गव्हर्नरची मदत आणि रिलेला लागणारा अल्प वेळ हिशेबात धरलेला नाही. खऱ्या अभ्यासात ते धरावेच लागतात. तरीही दोन गोष्टी या उदाहरणातून स्पष्ट होतात. पहिली अशी की, अरिष्टाच्या वेळी माणसाला विचार करायला अवधी नसतो. विचार आधीच, संगणकासमोर बसून, करून ठेवावा लागतो. दुसरी अशी की, एखाद्या गावची वाहिनी काही मिनिटे अचानक बंद होते, तेव्हा त्यामागे सारे जाळे वाचविण्याचे हे गणित असू शकते.

संगणकाला विचारावयाचे प्रश्न

जाळ्याच्या आखणीचा मूळ नियम साधा आहे : कोणताही एक घटक निकामी झाला तरी उरलेले जाळे टिकले पाहिजे. हजारो घटकांपैकी एकेक बाद करून हा प्रश्न संगणकाला विचारला जातो. नवी वाहिनी कोठे हवी, एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात जास्तीत जास्त किती वीज नेता येईल, दुरुस्तीसाठी कोणती वाहिनी केव्हा बंद ठेवावी, हे निर्णय त्या उत्तरांवर घेतले जातात. देशाच्या पातळीवर राष्ट्रीय भार प्रेषण केंद्र, विभागासाठी मुंबईतील पश्चिम विभागीय केंद्र आणि राज्यासाठी राज्य भार प्रेषण केंद्र या कामाची जबाबदारी वाहतात.

आणखी एक प्रश्न असा की, सारे जाळे वाचत नसेल तर कोणता भाग वेगळा काढून जगवता येईल? त्याला 'बेट' करणे म्हणतात. मुंबईसाठी अशी योजना आहे. परंतु १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी १० च्या सुमारास शहराला वीज आणणाऱ्या वाहिन्या बंद पडल्या, तेव्हा ते बेट तग धरू शकले नाही. लोकल गाड्या थांबल्या, आणि मुंबई, ठाणे व नवी मुंबईचा मोठा भाग वीजेविना राहिला. बेट टिकण्यासाठी त्याच्या आतील उत्पादन व आतील भार यांचा मेळ त्या क्षणी असावा लागतो. भार वर्षानुवर्षे वाढतो. त्याबरोबर योजनेचा हिशेबही पुन्हा पुन्हा तपासावा लागतो.

संगणक चुकतो तेव्हा

आता या विषयातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. १० ऑगस्ट १९९६ रोजी अमेरिकेच्या पश्चिम भागात कडक उन्हाळा होता. तापलेल्या, जड भाराच्या वाहिन्या सैल होऊन खाली आल्या आणि ऑरेगॉन राज्यात झाडांना टेकून एकामागून एक बंद पडल्या. त्यानंतर साऱ्या जाळ्यात विजेचे झोके सुरू झाले. ते कमी होण्याऐवजी वाढत गेले, जाळ्याचे चार तुकडे झाले आणि सुमारे ७५ लाख ग्राहक अंधारात गेले.

पुढे अभियंत्यांनी तोच प्रसंग संगणकावर उभा केला. नित्याच्या वापरातील आकडे भरले, त्याच वाहिन्या त्याच क्रमाने तोडल्या. संगणकाने उत्तर दिले : झोके लवकरच शमतील, जाळे स्थिर राहील. प्रत्यक्षात जे जाळे कोसळले होते, ते पडद्यावर सुखरूप उभे होते.

समीकरणे चुकीची नव्हती. आकडे चुकीचे होते. वेग घटताच उत्पादन वाढवतील असे ज्या केंद्रांविषयी नोंदलेले होते, त्यांतील अनेकांची नियंत्रणे प्रत्यक्षात तशी चालत नव्हती. ग्राहकांचा भार कोणत्या प्रकारचा आहे, त्यात मोटारी किती, याचा अंदाज वास्तवाला धरून नव्हता. उच्च दाबाच्या एकदिश वाहिनीचे वर्णनही अपुरे होते. हे आकडे दुरुस्त केल्यावर संगणकाने खऱ्या घटनेसारखेच वाढते झोके दाखविले. त्यानंतर त्या प्रदेशात जनित्रांची प्रत्यक्ष चाचणी घेऊन नोंदी पडताळणे बंधनकारक करण्यात आले.

याआधी ९ नोव्हेंबर १९६५ रोजी कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातील एका जलविद्युत् केंद्राजवळ रिलेने एक वाहिनी तोडली. त्या रिलेची मर्यादा काही वर्षांपूर्वी ठरविलेली होती. मधल्या काळात भार वाढला. रिलेवरचा आकडा मात्र तसाच राहिला. पाठोपाठ शेजारच्या चारही वाहिन्या तुटल्या आणि न्यूयॉर्कसह सुमारे तीन कोटी लोकांचा प्रदेश अंधारात बुडाला. बीना–ग्वाल्हेरच्या घटनेशी याचे साम्य लक्षात येण्यासारखे आहे. दोन्हीकडे बिघाड नसताना रिलेने जड भारालाच बिघाड मानले.

२०१२ च्या चौकशीतही हाच धडा निघाला. विभागांना जोडणाऱ्या अनेक वाहिन्या त्या वेळी बंद होत्या, काही राज्ये ठरल्यापेक्षा अधिक वीज ओढत होती आणि रिलेने चुकीने वाहिनी तोडली. याखेरीज, वारंवारिता घसरताच हजारो मेगावॅटचा भार आपोआप सोडण्याची व्यवस्था उत्तर विभागात कागदावर होती. प्रत्यक्ष गरजेच्या क्षणी तिच्यातून पुरेसा भार सुटला नाही. आपण वर फळ्यावर जे गणित मांडले, त्यातील '५ टक्के भार सुटला असे धरले' हे एकच वाक्य खोटे ठरले तर पुढचा सारा हिशेब कोसळतो. तसेच येथे झाले.

सूर्याची वीज आणि नवे प्रश्न

हा विषय आज अधिक निकडीचा झाला आहे, त्याला आणखी एक कारण आहे. सौर पॅनेलमध्ये फिरणारे चाक नसते. ते इन्व्हर्टरमार्फत जाळ्यात वीज सोडते. वरील उदाहरणात फिरत्या चाकांतील साठा ५ ऐवजी अडीच सेकंदांचा धरला, तर वारंवारिता दुप्पट वेगाने घसरेल आणि ४९.४० ची पायरी १.२ ऐवजी ०.६ सेकंदांतच येईल. विचारासाठी असलेला अवधी आणखी कमी होतो.

२८ एप्रिल २०२५ रोजी दुपारी १२ वाजून ३३ मिनिटांनी स्पेन व पोर्तुगाल या दोन्ही देशांचे मुख्य भूमीवरील जाळे बंद पडले. तेथे कारण घडले ते विजेचा दाब वाढत जाण्याचे. दाब वाढला म्हणून काही केंद्रे सुटली, ती सुटल्याने दाब आणखी वाढला आणि ही मालिका थांबली नाही. त्यावरून सौर ऊर्जेला दोष देणे उचित होणार नाही. तिच्या इन्व्हर्टरनी दाब सांभाळण्याचे कामही करावे, अशी तजवीज आधीच करावयास हवी, एवढाच त्याचा अर्थ. बॅटरी, कोयनेसारखी जलविद्युत् केंद्रे, केवळ जडत्व व दाब यांच्या आधारासाठी फिरणारी यंत्रे आणि नव्या जातीचे इन्व्हर्टर असे उपाय उपलब्ध आहेत. कोणता उपाय कोठे व किती करावा, याचे उत्तर पुन्हा संगणकावरील प्रतिरूपच देते.

महाराष्ट्रात शेतकऱ्यांना दिवसा वीज मिळावी म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेखाली उपकेंद्रांजवळ सौर प्रकल्प उभे राहत आहेत. रात्रीचा कृषी भार दिवसावर येत आहे. शेतकऱ्याला विंचूकाट्याच्या भयातून सोडवणारा हा बदल स्वागतार्हच आहे. पण त्यामुळे जाळ्याचे रूप पालटते आणि कालचे आकडे आज उपयोगी पडत नाहीत.

गावच्या नोंदीचे मोल

५ एप्रिल २०२० रोजी रात्री ९ वाजता देशभर नऊ मिनिटे घरगुती दिवे बंद ठेवण्याचे आवाहन करण्यात आले होते. त्यामुळे मागणी १२ ते १३ हजार मेगावॅटनी घटेल असा अंदाज होता. प्रत्यक्षात ती सुमारे ३१,००० मेगावॅटनी घटली, आणि तीही काही मिनिटांत. अंदाज एवढा चुकूनही जाळे टिकले. वारंवारिता ४९.७० ते ५०.२६ हर्ट्झच्या दरम्यान राहिली. कारण तयारी अंदाजापुरती ठेवलेली नव्हती. जलविद्युत् केंद्रे आधी पूर्ण जोरात चालवून ठेवली होती. त्या काही मिनिटांत त्यांचे उत्पादन सुमारे १७,५०० मेगावॅटनी उतरविण्यात आले आणि नंतर पुन्हा चढविण्यात आले.

या प्रसंगातून घ्यावयाचा बोध दुहेरी आहे. भाराचा अंदाज चुकू शकतो, म्हणून हाताशी राखीव बळ असावे. आणि राखीव बळ महाग असते, म्हणून अंदाज होईल तितका खरा असावा.

तो खरा करण्याचे काम केवळ मोठ्या कार्यालयांचे नाही. विहिरीवर पाच अश्वशक्तीचा पंप असेल आणि नोंदीत तो तीनचा असेल, तर गावच्या रोहित्राचा हिशेब चुकतो. अशी हजारो गावे एकत्र आली की उपकेंद्राचा भार चुकतो आणि अखेर संगणकातील प्रतिरूपही खोटे उत्तर देते. पंपाला कपॅसिटर जोडलेला आहे असे कागद सांगत असेल आणि प्रत्यक्षात तो काढून टाकलेला असेल, तर दाबाचा हिशेब फसतो. वाहिनीखालची झाडे छाटल्याची नोंद असेल आणि फांद्या तशाच असतील, तर ऑरेगॉनची गोष्ट आपल्या तालुक्यातही घडू शकते. उपकेंद्रातील रिलेची चाचणी खरोखर झाली की केवळ वहीवर सही झाली, यावर एखाद्या दिवशी लाखो लोकांचा दिवा अवलंबून असतो.

यात पंचायत सदस्यांना करता येण्यासारखे पुष्कळ आहे. पंपांच्या नोंदी दुरुस्त करण्यासाठी गावकऱ्यांना पुढे आणणे, कपॅसिटर बसवून घेणे, वाहिनीखालील मार्ग मोकळा राखण्यास साहाय्य करणे ही कामे खर्चाची नाहीत. खरा भार सांगितला तर आकार वाढेल अशी भीती शेतकऱ्यास वाटते. परंतु खोट्या नोंदीवर बसविलेले रोहित्र भर हंगामात जळते, तेव्हा होणारे नुकसान त्याहून मोठे असते, हे त्याला त्याच्याच भाषेत पटवून द्यावयास हवे. अधिकाऱ्यांनीही खरी नोंद देणाऱ्यास त्रास होणार नाही अशी कार्यपद्धती ठेवावयास हवी. अन्यथा खरे सांगण्यास कोणी पुढे येणार नाही. शिक्षकांना तर वर दिलेले दोन सेकंदांचे गणित वर्गात सोडवून घेता येईल. नववी-दहावीच्या मुलांना ते अवघड नाही, आणि वीज म्हणजे केवळ भिंतीवरचे बटण नव्हे, हे त्यांना त्यातून उमजेल.

संगणक अतिशय वेगाने आकडेमोड करतो. पण आकडा खरा की खोटा हे त्याला कळत नाही. ते रिले तपासणाऱ्या तंत्रज्ञाला कळते, वाहिनीवर चालत जाणाऱ्या वायरमनला कळते आणि आपल्या पंपाची अश्वशक्ती जाणणाऱ्या शेतकऱ्याला कळते. त्यांच्याकडून आलेली नोंद खरी असेल, तर येणारे संकट आधी पडद्यावर दिसेल आणि तेथेच त्यावर उपाय योजता येईल.